अर्थ सांगणाऱ्याची जागा

अयोध्येला अक्षरं शाळेनं दिली, पण अक्षरांचं वेड लावलं ते पोथीनं.

लातूरजवळच्या मुरुडपासून दोन कोसांवर तिचं माहेर. श्रावण लागला की दिवेलागणीला पिराजीच्या ओसरीत पोथी बसायची. त्या गावची रीत अशी, की पोथी वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा. वाचणाऱ्यानं एक ओवी सुरात म्हणायची आणि श्वास घ्यायला थांबायचं. त्या श्वासाच्या फटीतून अर्थ सांगणारा आत शिरायचा, सावकाश हिंडून यायचा आणि पुन्हा वाचणाऱ्याच्या स्वाधीन करायचा. ओवी, अर्थ, ओवी, अर्थ. जणू एकानं विहिरीतून पोहरा काढावा आणि दुसऱ्यानं तो वाफ्यात सोडावा.

वाचणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा अयोध्या नऊ वर्षांची होती. आख्ख्या गल्लीत न अडखळता वाचणारं तेवढंच एक माणूस. तिला पाटावर बसवलं, लाकडी ठवणीवर पोथी उघडली आणि तिच्या उजव्या हाताला अर्थ सांगायला बसला तिचा बाप. पिराजी. सही करायची म्हटली तरी अंगठ्याला शाई लावावी लागणारा माणूस. पण त्यानं आपल्या बापाच्या मांडीवर बसून एवढे श्रावण ऐकले होते, की पोथी त्याच्या अंगात भिनली होती.

एकदा राजानं राणीला वनात धाडल्याचा प्रसंग आला. अयोध्येनं ओवी म्हटली, थांबली. पिराजी म्हणाला, "राजानं मागं वळून बघितलं न्हाई, असं पोथी मनते. का बघितलं न्हाई? मी सांगतो. उदगीरच्या बाजारात म्या तांबडी कालवड इकली. दाव्याचं टोक दुसऱ्याच्या हातात दिलं आन निघालो. वळणावर आलो आन बघितलं मागं. ती मान वाकडी करून माझ्याकडंच बघत व्हती. तवापासून मला म्हाईत हाय, राजा मोठा शाना व्हता."

बाया पदर डोळ्यांना लावत. एखादी म्हणे, "शाना कशाचा, भित्रा व्हता!" आणि मग त्यावरून अर्धी घटका वाद चाले. नऊ वर्षांची अयोध्या ओवीवर बोट ठेवून वाट बघत बसे. तिला वाटे, वाचायचं म्हणजे असं. आधी गोष्ट येते, मग तिच्या मागून, चपला काढून, तिचा अर्थ येतो.

पुढं तिनं मिळेल ते वाचलं. खताच्या पोत्यावरच्या सूचना, भज्यांच्या पुड्याचा कागद, शाळेतल्या लोखंडी पेटीतली पुस्तकं. अकरावीला लातूरला गेली तेव्हा वसतिगृहातल्या सगळ्या पोरी डॉक्टर व्हायला आल्या होत्या आणि ही जीवशास्त्राच्या वहीआड कादंबरी धरून बसायची. डॉक्टर काही झाली नाही. लग्न होऊन नांदेडला आली. नवरा भीमाशंकर वीज मंडळात, शांत माणूस. विष्णुपुरीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात तिला पुस्तकं देण्याघेण्याचं काम लागलं. तिथं यंत्रांच्या आणि गणितांच्या पुस्तकांनी भरलेल्या कपाटांच्या मागं, खिडकीच्या कडेला एक कपाट मराठी कथा-कादंबऱ्यांचं होतं. त्याची किल्ली कुणी कधी मागत नसे. ती किल्ली अयोध्येनं मंगळसूत्रासारखी जपली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती त्या खिडकीत बसायची. लांबवर धरणाचं पाणी ऊन पीत पडलेलं असे. वाचता वाचता मान वर करावी तर पुस्तकातली माणसं त्या पाण्यावरून चालत पलीकडं निघालेली दिसत. कुणाच्या डोक्यावर बोचकं, कुणाच्या कडेवर लेकरू. कुणी मागं वळून तिला हाक मारी आणि ती ओ देणार तेवढ्यात काउंटरवरून आवाज येई, "मॅडम, मशीन डिझाइनची दुसरी कॉपी हाय का?" ती उठायची, पुस्तक द्यायची, शिक्का मारायची, आणि परत येईपर्यंत पाणी रिकामं झालेलं असायचं.

नुसतं वाचून तिचं भागेना. हे लोक करतात तरी कसं, ते तिला बघायचं होतं. तिनं वह्या केल्या. एका वहीवर लिहिलं, 'दारातून आत येणं'. माणूस दारातून आत यायला कुठल्या लेखकाला किती वाक्यं लागतात, ते ती त्यात उतरवून घ्यायची. एकाला पान लागे, एकीचा माणूस आधीच आत येऊन पाणी पीत असे. दुसरी वही 'रुसवा'. तिसरी 'जेवण'. चौथी वही होती 'मधले दिवस'. लेखक ज्या दिवसांबद्दल काहीच बोलत नाही, ते दिवस कुठं जातात याची. भीमाशंकर एकदा वह्या चाळून म्हणाला, "हे म्हणजे आमच्या लाइनमनसारखं झालं. कुठल्या खांबावरून तार कशी गेली, ते मान वर करून बघत हिंडायचं."

"मग? करंट कुठून येतोय ते कळायला नको?"

"बघ बाई. चिकटू नको म्हणजे झालं."

पण ती चिकटलीच. सहा वर्षं घेऊन तिनं कादंबरी लिहिली. दोन जावांची. थोरली सत्यभामा, धाकटी केवळा. एका वाड्यातल्या नव्हे, एका पत्र्याच्या घरातल्या, मध्ये एक कुडाची भिंत. अकरा वर्षं एकमेकींशी न बोललेल्या. बोलायचंच झालं तर मांजराला सांगायच्या, भिंतीला सांगायच्या. गावात कळल्यावर जो तो विचारी, कुणाच्या घरातलं गं हे? अयोध्या म्हणे, कुणाच्याच घरातलं नाही, मनानं रचलंय. आबालाही, म्हणजे पिराजीलाही, तिनं फोनवर हेच सांगितलं होतं. अशा बाया कुठं झाल्याच नाहीत, आबा.

आणि लिहिताना प्रत्येक प्रसंग संपला, की तिच्या उजव्या हाताला कुणीतरी बसल्यासारखं होई. मग ती त्या प्रसंगाचा अर्थ लिही. आबाच्या ढंगात, आबाच्या लयीत. एकदा त्यातला एक उतारा तिनं फोनवर आबाला वाचून दाखवला आणि म्हणाली, "आबा, हे तुमचं हाय बरं का." पलीकडं बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

त्या सालापासून पिराजीनं गावभर सांगून ठेवलं, "पोरीनं पुस्तक लिवलंय. वाचणारी ती, अर्थ माझा."

सांगण्यालाही कारण होतं. गावातली पोथी आता देवळात बसत होती. एका मोबाइलला मोठा स्पीकर जोडायचा आणि त्यातून कुठल्याशा महाराजांचा आवाज गावभर सोडायचा. ओवीही त्यांचीच, अर्थही त्यांचाच. पिराजीच्या ओसरीत तीन श्रावण कुणी आलं नव्हतं. "त्या डब्याला काही इचारता बी येत न्हाई," तो म्हणायचा. "निस्ता बोलायलाय, बोलायलाय. श्वास घ्यायला सुदीक थांबत न्हाई."

त्या श्रावणात, एका शनिवारी सकाळी, अयोध्या नांदेडहून एसटीनं लातूरला आली. गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत, वह्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत शिल्पाताई एक लहानशी प्रकाशन संस्था चालवत. वर्षाला चार पुस्तकं काढायच्या, पण ती वाचली जायची. अयोध्येचं बाड त्यांनी दोन महिन्यांपूर्वी ठेवून घेतलं होतं.

"प्रसंग फार चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "विहिरीचा तर मी तीनदा वाचला. पण प्रत्येक प्रसंग संपला, की एक माणूस येऊन माझ्या शेजारी बसतो, आणि मी आत्ताच काय वाचलं ते मला समजावून सांगतो. कोण आहे हो हा?"

अयोध्येच्या तोंडून निघून गेलं, "माझे वडील आहेत ते."

शिल्पाताई हसायला लागल्या आणि तिचा चेहरा बघून थांबल्या. अयोध्येनं मग पोथीचं सांगितलं. ओवी, अर्थ. श्वासाची फट. शिल्पाताईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अयोध्याताई, ऐकायला छान वाटतं. पण पुस्तकात त्यांना उठवायला लागेल. सगळीकडून. मी पेन्सिलीनं खुणा केल्यात, एकसष्ट जागा आहेत. दसऱ्यापर्यंत त्यांना उठवून बाड पाठवलंत, तर मी हे पुस्तक काढते. नाही उठवलंत, तर मला नाही जमणार. रागावू नका."

"थोडे ठेवले तर?"

"एखादा ठेवलात, की त्याच्यामागून बाकीचे येतात."

जिना उतरताना अयोध्येला वाटलं, हातातलं बाड ओलं झाल्यासारखं जड झालंय. सहा वर्षांत एवढ्या जवळ कुणी येऊ दिलं नव्हतं. तीन ठिकाणांहून नुसतं 'साभार परत' आलं होतं. आणि इथं अट एवढीच, की बापाला उठवायचं.

मुरुडच्या गाडीत खिडकीशी बसून तिनं पेन्सिलीच्या खुणा बघितल्या. समासात उभ्या रेघा, एकसष्ट. डोळे मिटले तर त्या रेघांची रस्त्याकडेची बाभळीची खोडं झाली, आणि प्रत्येक खोडाला टेकून तिचा बाप बसलेला. गाडी पुढं जाई तसा एकेक मागं पडे. कुणीच तिला हात करत नव्हता.

घरी आत्या विठाबाई दारातच. आई गेल्यापासून आत्याच घर बघायची. "आली माय! तुझ्या आबानं सगळ्या आळीला सांगून ठिवलंय. उंद्या दुपारी तुझी पोथी हाय."

"आत्या, पोथी न्हाई ती."

"मला काय ठाव? त्यो सकाळपासून ठवणी पुसून राहिलाय."

पिराजी खरंच ठवणी पुसत होता. खोबरेल लावून. अयोध्येला बघून त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "फवारणी झालीय समद्यांची. लोकाला फुरसत हाय." आणि पुन्हा फडकं फिरवायला लागला. रात्री जेवताना सांगू, म्हणाली अयोध्या मनाशी. जेवताना सकाळी सांगू, म्हणाली. सकाळी तो दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून बसला होता.

रविवारी दुपारी आभाळ भरून आलं होतं, पडत मात्र नव्हतं. ओसरीत सतरंजी अंथरली. आळीतल्या पाच-सहा बाया आल्या. सगळ्यांत आधी आला शेषेराव, आबाचा लहानपणापासूनचा दोस्त, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. आत्यानं बाड ठवणीवर ठेवलं आणि त्याला हळदीकुंकू लावायला गेली. वरचं प्लास्टिक गुळगुळीत, कुंकू ठरेना.

"आत्या, राहू दे ना."

"ठवणीवर बसलं की पोथीच. गप बस." आत्यानं बाडाची पानं अंगठ्यानं फरफर उलटून बघितली, तिला वाचता येत नव्हतं, आणि उभ्या उभ्याच सुरात म्हणाली,

"माझ्या भावाच्या गं लेकी, तुझ्या कागदाचं रान,
काळ्या मुंग्यांची गं रांग, कशी शोधती गं दाणं."

बाया हसल्या. शेषेराव म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. परसाद काय हाय? पोथीला साखर-फुटाणे असत्यात. कादंबरीला काय असतंय?"

"कादंबरीला चहा असतो, मामा," अयोध्या म्हणाली.

"मग आधी चहा. अर्थ मागून."

पिराजी येऊन तिच्या उजव्या हाताला बसला. पाठ ताठ, हात मांडीवर. तीन श्रावणांनंतर आपल्या जागेवर. अयोध्येनं त्याच्याकडं न बघता पान उघडलं.

प्रसंग होता केवळाच्या तापाचा. तीन दिवस केवळा अंथरुणात. घरात कुणी नाही. दुपारच्या वेळी सत्यभामा कुडापलीकडून येते. बोलत नाही, बघत नाही. दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा चुलीपाशी ठेवते, कुत्र्यानं नेऊ नये म्हणून त्यावर पाटी पालथी घालते, आणि निघून जाते. केवळा डोळे मिटून पडलेली.

अयोध्या थांबली, श्वासाला. खाली पेन्सिलीची पहिली रेघ होती आणि रेघेच्या आत तिनं लिहिलेला अर्थ. तो वाचावा की गाळावा, या विचारात ती अडखळली, आणि तेवढ्या फटीतून पिराजी आत शिरला. त्याला सवयच तशी. कुणी विचारलं नव्हतं.

"तिनं भाकरी ठिवल्या त्या मायेनं न्हाई," तो म्हणाला. "भ्यानं ठिवल्या."

"कशाचं भ्या?" एक बाई म्हणाली.

"केवळा मेली तर भांडायचं कुनासंगं? अकरा वर्सं ज्येच्यासंगं अबोला धरला, ते मानूस गेलं की घर लई मोठं होतंय. मंग बोललं काय आन न्हाई बोललं काय."

"काहीतरीच!" आत्या उसळली. "पुरुष मानसाला काय कळतंय? ती टोमणा मारायलीय. बघ म्हनावं, तुझं पोट भराया बी मीच लागते. त्या दोन भाकरी न्हाईत, दोन चपराकी हायत. म्या असते तर तीन ठिवल्या असत्या."

"तू ठिवल्याच असत्यास," पिराजी म्हणाला. "आन मोजून बी सांगितल्या असत्यास."

हशा झाला. शेषेराव मात्र हसला नाही. तो बशीतला चहा तसाच धरून बसला होता. "मला काय वाटतंय सांगू का," तो म्हणाला, "केवळा जागी व्हती. डोळे झाकून पडलीवती निस्ती. जागी हाय म्हणून कळलं असतं, तर सत्यभामा आलीच नसती आत."

सहा वर्षं अयोध्या या दोघींबरोबर जेवली होती, झोपली होती. केवळा जागी असेल हे तिच्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं, डोळे मिटून पडलेली. तेवढंच. आणि आता केवळा पापण्यांच्या आड जागी होती, सत्यभामेची पावलं मोजत होती, आणि पुढची सगळी कादंबरी काहीशी हलली होती, कुणी कूस बदलावी तशी.

"झालं का समद्यांचं?" पिराजी म्हणाला. त्याचा चेहरा उजळून निघाला होता. "आता माझं वाच, माय. तू काय लिवलंस माझं, ते ऐकू दे लोकाला."

आता सुटका नव्हती. अयोध्येनं रेघेच्या आतला मजकूर वाचला. "राग राहतो तो जिभेवर. हाताला त्याची खबर नसते. अकरा वर्षं जी तोंडं एकमेकींना विसरली होती, त्यांचे हात मात्र एकमेकींना विसरले नव्हते. माणसाची माया अशीच असते, बोलत नाही, करून जाते."

ती थांबली. ओसरीत सगळ्यांनी माना हलवल्या. "हाव," एक बाई म्हणाली. "बरोबर हाय," दुसरी म्हणाली. शेषेरावानं उरलेला चहा पिऊन बशी खाली ठेवली. आणि बस्. त्यावर कुणाला काही बोलायचंच नव्हतं. बाहेर एक कोंबडी उकिरडा उकरत होती, तिचा आवाज येऊ लागला.

पिराजी बाडाकडं वाकला. "हे म्या बोललो?"

"तुमच्या ढंगात लिहिलंय, आबा."

"ढंग माझाच हाय. धोतर माझं हाय, पटका माझा हाय." त्यानं शेषेरावाकडं बोट केलं. "पर ह्याच्यावर त्यो काय भांडंल?"

शेषेराव म्हणाला, "मी कशाला भांडू? बरोबरच हाय की ते."

"तेच मनतोय मी."

अयोध्येला वाटलं, हीच वेळ. ही टळली तर कधीच जमायचं नाही. पानाकडं बघतच तिनं सांगून टाकलं. लातूरच्या शिल्पाताई, पेन्सिलीच्या खुणा, दसरा. हे सगळं काढलं तरच पुस्तक निघणार, नाही तर नाही.

"किती ठिकाणी हाय?" पिराजीनं विचारलं.

"एकसष्ट."

"म्हंजी मी एकसष्ट बारी हाय ह्याच्यात?" आवाजात अभिमानच होता.

"हाव, आबा."

"आन एक बी ठिवायचा न्हाई?"

"न्हाई."

आत्या म्हणाली, "ती बाई कोन सांगनारी? बापाला काढा म्हनून!" कुणीतरी तिला गप केलं. पिराजीनं मांडीवरचे हात उचलले, पुन्हा तिथंच ठेवले. मग लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "मग म्या कुठं बसू?"

याचं उत्तर अयोध्येनं कुठल्या वहीत लिहून ठेवलेलं नव्हतं. गोष्टीमागून येणाऱ्या अर्थाला तिनं आयुष्यभर हक्काची जागा दिली होती, आणि आज त्याच जागेवरून उठ म्हणायची वेळ तिच्यावर आली होती. तिला उजवीकडं बघवेना. तिनं समोर बघितलं. सतरंजीवर बाया होत्या, आत्या होती, शेषेराव होता. सगळ्यांच्या तोंडावर मघाच्या भांडणाची ऊब अजून होती. केवळाला जागी करणारी माणसं तिथं, सतरंजीवर, बसली होती. ठवणीपाशी नव्हती.

"तिथं बसा, आबा," ती म्हणाली. "ऐकायला बसा."

बापाच्या मांडीवरून उठल्यापासून पिराजीला कुणी ऐकायला बसवलं नव्हतं. तो हलेना. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. शेवटी शेषेराव बूड सरकवून म्हणाला, "ये की. इथं पाठ टेकाया खांब बी हाय. तिकडं चाळीस वर्सं फुकट ताठ बसलास."

पिराजीनं गुडघ्यावर हात दिला, दुसरा हात जमिनीला, आणि उठला. चार पावलं. तेवढं चालायला त्याला शेतातून घरी यायला लागावा तेवढा वेळ लागला. शेषेरावाशेजारी तो बसला, पण खांबाला टेकला नाही.

अयोध्येची उजवी बाजू उघडी पडली. तिकडून वाऱ्याची झुळूक आली आणि पान फडफडलं. तिनं ते धरलं आणि वाचू लागली. प्रसंग संपे, ती थांबे, पेन्सिलीच्या रेघेवरून नजर पुढं नेई. एका प्रसंगावर आत्या आणि शेजारची बाई तावातावानं भांडल्या. दुसऱ्यावर शेषेरावानं आपल्या सासुरवाडीची गोष्ट सांगितली, ती इतकी लांबली की त्याला तिकीट फाडून उतरवावं लागलं. पिराजी मात्र एका शब्दानं बोलला नाही. खाली मान घालून सतरंजीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. त्याच्या त्या गप्प बसण्याला अयोध्या जेवढी भ्याली, तेवढी ती कुणाच्या 'साभार परत'ला भ्याली नव्हती. वाटलं, मिटावं हे बाड. नको पुस्तक. बापाला परत बोलवावं, उजव्या हाताला बसवावं, आणि आयुष्यभर दोघांनी इथंच वाचत राहावं.

पण पुढचं पान विहिरीचं होतं, आणि ते पान तिला थांबू देईना.

उन्हाळ्यातली विहीर, पाणी तळाला गेलेलं. केवळा पोहरा सोडते आणि तिचा दोर मध्येच तुटतो. पोहरा खाली जातो, टण्ण आवाज येतो, खोलातून. घरात दुसरा दोर नाही. केवळा विहिरीच्या काठावर बसून राहते, तुटलेलं टोक हातात धरून. तेवढ्यात सत्यभामा येते, घागर घेऊन. ती केवळाकडं बघत नाही. काठावर आपला दोर ठेवते, नीट वेटोळं करून, त्याला आपला पोहरा बांधलेला. मग घागर उचलते, कमरेवर घेते आणि आल्या वाटेनं घराकडं चालू लागते. तापलेल्या फुफाट्यात तिच्या पावलांचे ठसे उमटत जातात. केवळा ते बघत बसते, बाभळीच्या पल्याड ती दिसेनाशी होईपर्यंत.

अयोध्या थांबली. खालचा मजकूर तिनं अंगठ्याखाली झाकला.

कुणी बोललं नाही. आत्यासुद्धा नाही. आभाळातला उजेड मऊ झाला होता, ओसरीत पिठासारखा सांडला होता, आणि त्या उजेडात तिला वाटलं, माणसं इथं नाहीतच, सगळी त्या विहिरीच्या काठावर जाऊन उभी आहेत.

मग पिराजीनं मान वर केली. अशा बाया कुठं झाल्या नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. तिनंच त्याला सांगितलं होतं.

"झालंवतं का गं असं?" त्यानं विचारलं.

अयोध्येनं बापाकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत फुफाटा होता, बाभळ होती, लांब जाणारी वाट होती.

"हाव, आबा," ती म्हणाली. "झालंवतं."

"आन घागर? रिकामीच नेली तिनं?"

"रिकामीच."